मॉडिफाय केलेली गाडी बघायची कशी? जपानची 'काई' पद्धत आणि पालघर-बोईसरच्या जपानी गाड्या

बोईसर आणि जपान ही दोन नावं हल्ली एका वाक्यात येतात ती बुलेट ट्रेनमुळे. मुंबई-अहमदाबाद मार्गावरच्या १२ स्थानकांपैकी विरार आणि बोईसर ही दोन आपल्या पालघर जिल्ह्यात आहेत. पण जपानी तंत्रज्ञान इथे त्याच्या कितीतरी आधी येऊन उभं राहिलंय, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. मारुती ८००, झेन, जिप्सी, जुनी होंडा सिटी, स्विफ्ट या सगळ्या गाड्यांचं मूळ जपानमध्ये आहे.

यातल्याच काही गाड्या थोड्या वेगळ्या दिसतात. खाली बसवलेल्या, रुंद चाकांच्या, जाड आवाजाच्या. आपण बघतो आणि एक तर "भारी!" म्हणतो, नाहीतर "कशाला पैसे घालवले?" म्हणतो. या दोन्हींत गाडी नीट बघितली जातच नाही. जपानमध्ये मॉडिफाय केलेली गाडी बघणं ही एक रीतसर आवड आहे आणि तिला काही निकष आहेत. ते निकष काय आहेत, आपल्या भागातल्या गाड्यांना ते कसे लावायचे आणि आपला कायदा कुठे आडवा येतो, ते या लेखात पाहू.

थोडक्यात सांगायचं तर

मॉडिफाय केलेल्या गाडीत तीन गोष्टी बघायच्या. मालकाला गाडीकडून काय हवं होतं? केलेले बदल एकमेकांना धरून आहेत का? आणि ते बदल रस्त्यावर व कागदावर टिकतात का? खर्च किती झाला, हा प्रश्न या तिन्हींच्या नंतरचा.

आपल्याकडे 'जपानी गाडी' म्हणजे कोणती?

इंटरनेटवर जपानी कार कल्चर म्हटलं की निसान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटा सुप्रा, माझदा आरएक्स-७ डोळ्यासमोर येतात. या गाड्यांना 'जेडीएम' म्हणतात, म्हणजे जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या गाड्या. भारतात जुनी गाडी आयात करण्याचे नियम आणि कर इतके कडक आहेत की त्या इथे क्वचितच दिसतात.

पण जपानमध्येही मॉडिफिकेशनचा पाया फक्त महागड्या गाड्यांवर उभा नाही. तिकडे 'केई' नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. लांबी जास्तीत जास्त ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसीपर्यंत. या छोट्या गाड्यांवर तिथे मनापासून काम होतं. आपली मारुती ८०० याच घराण्यातली, सुझुकीच्या छोट्या ऑल्टोवर आधारलेली. १९८३ च्या डिसेंबरमध्ये ती रस्त्यावर आली, ७९६ सीसी आणि तीन सिलिंडर घेऊन. १९८५ ची जिप्सी ही सुझुकी जिम्नीची बहीण. १९९३ च्या झेनला ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं हलकं इंजिन मिळालं. होंडा सिटी १९९८ मध्ये आली आणि २००० मध्ये तिची १.५ व्हीटेक आवृत्ती १०६ बीएचपीची ताकद घेऊन आली. भारतातल्या हौशी लोकांत त्या गाडीला आजही मान आहे.

म्हणजे बोईसरला एखाद्या मुलाने आजोबांची झेन नीट करून घेतली असेल, तर ती जपानी कार कल्चरची नक्कल म्हणून बघू नका. छोटी, हलकी, घरातली गाडी घ्यायची आणि तिच्यावर जीव लावायचा, ही त्या कल्चरची मूळ गोष्टच आहे.

जपानमध्ये बदल कागदावर येतो

जपानमध्ये प्रत्येक गाडीला 'शाकेन' नावाची सरकारी तपासणी असते. नवीन खासगी कारला पहिली तपासणी तीन वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी. ब्रेक, लाइट, धूर, आवाज, चाकांचं अलाइनमेंट असं सगळं तपासलं जातं. गाडी खाली बसवायची असेल तरी जमिनीपासून ९ सेंटिमीटर अंतर राहिलंच पाहिजे.

१९९५ मध्ये तिथले नियम सैल झाले. स्प्रिंग, चाकं, बॉडी किट असे ठरावीक पार्ट वेगळी परवानगी न घेता बदलता येऊ लागले, पण मापात राहून. कारची लांबी ३ सेंमी, रुंदी २ सेंमी, उंची ४ सेंमी आणि वजन ५० किलो एवढा फरक साधारणपणे चालतो. त्यापलीकडे गेलात, किंवा वेगळ्या क्षमतेचं इंजिन बसवलंत, तर बदलाची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते. त्यात गाडी पास झाली की कागदावर मॉडेलच्या कोडपुढे एक अक्षर जोडलं जातं, त्याचा उच्चार 'काई'. अर्थ: बदललेली.

ही छोटी गोष्ट फार महत्त्वाची आहे. 'काई' लागलेली गाडी मालकाने सरकारसमोर उभी केली, मोजून घेतली, आणि ती पास झाली. तिथले जाणकार गाडी बघताना म्हणूनच फक्त दिसण्यावर जात नाहीत. काम कागदापर्यंत पोचलंय का, हेही बघतात. अर्थात जपानमध्ये सगळेच नियम पाळतात असं नाही. योकोहामाच्या दाइकोकू पार्किंग एरियात रात्री हौशी गाड्या जमतात आणि गोंगाट वाढला की पोलीस ते पार्किंग बंद करतात.

आधी स्टाइल ओळखा, मग मत द्या

भजनाच्या कार्यक्रमात लावणी का नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही. गाडीचंही तसंच आहे. ती कुठल्या प्रकारात बसते ते आधी बघा.

- ग्रिप किंवा सर्किट: वळणावर पकड हवी. हलकी चाकं, चांगले टायर, सुधारलेले ब्रेक. दिसायला गाडी साधीच असते.
- ड्रिफ्ट: मागची चाकं मुद्दाम घसरवत वळण घ्यायचं. डोंगरी रस्त्यांवरून सुरू झालेला हा प्रकार आज ट्रॅकवर अधिकृत स्पर्धा म्हणून चालतो. यासाठी मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी लागते. आपल्या झेन आणि स्विफ्टची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे त्यांच्याकडून ड्रिफ्टची अपेक्षाच चुकीची.
- शाकोतान: शब्दशः 'खाली बसलेली गाडी'. जुन्या मॉडेलना रुंद चाकं लावून जमिनीला टेकेपर्यंत खाली आणायचं.
- व्हीआयपी: मोठी सेडान, चकाचक पेंट, आतून दिवाणखाना. वेगाशी संबंध नाही.
- देकोतोरा: दिवे आणि चित्रांनी सजवलेले ट्रक. १९७५ पासून आलेल्या 'तोराक्कु यारो' या चित्रपटमालिकेने ते लोकप्रिय केले. आपल्याकडचे रंगवलेले ट्रक बघत मोठे झालेल्यांना हे वेगळं समजवायला नको.
- मूळ रूपात आणलेली गाडी: काहीच 'वाढवायचं' नाही. गाडी शोरूममधून निघाली तशी करायची. हे कामही तितकंच कठीण, कारण जुने पार्ट शोधणं हीच खरी मेहनत.

गाडी बघण्याचा क्रम

१. चाकं आणि टायर. अलॉय मोठे आहेत म्हणजे चांगले, असं नाही. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे खड्ड्यातून जाताना ते जितकं हलकं तितका टायर रस्त्याला चिकटून राहतो. जपानच्या रेज कंपनीचं टीई३७ हे प्रसिद्ध चाक १५ इंची मापात ३.७ किलोचं होतं, आणि नावातला ३७ तिथूनच आला. म्हणजे तिथे चाकाच्या नावातच वजन मिरवलं जातं.

मग टायरचा एकूण व्यास बघा. उदाहरण स्विफ्टचं घेऊ. १६५/८० आर१४ टायरचा व्यास साधारण ६२० मिमी. १८५/६५ आर१५ चा ६२१.५ मिमी. चाक एक इंचाने मोठं झालं पण बाहेरचा व्यास जवळपास तोच राहिला, म्हणून स्पीडोमीटर खोटं दाखवणार नाही. असा हिशोब केलेला दिसला की समजा, मालकाने डोकं लावलंय. बोल्टचं माप जुळवण्यासाठी जाड स्पेसर घुसवले असतील, तर तिथे जरा थांबून विचारा.

२. सस्पेन्शन. गाडी खाली आणण्याचे दोन मार्ग. एक, कमी उंचीच्या स्प्रिंग आणि त्यांना साजेसे शॉकअप. दुसरा, आहे ती स्प्रिंग कापणे. कापलेली स्प्रिंग कडक होते, पण शॉकअप जुनाच राहतो. तो कडक स्प्रिंगची उसळी रोखू शकत नाही आणि गाडी उड्या मारते. चाक हवेत लटकलं की कापलेली स्प्रिंग जागेवरून सुटूही शकते. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. फरक बघायचा तर चाकामागे वाकून बघावं लागतं.

३. ब्रेक. ताकद वाढवलेली गाडी असेल तर हा प्रश्न पहिला. वेग ८० वरून १०० झाला की वेग सव्वापट होतो, पण थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त, म्हणजे १.५६ पट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. इंजिनवर खर्च आणि ब्रेक जुनेच, हे काम अर्धवट. चांगल्या मालकाने ब्रेक आधी केलेले असतात आणि तो त्याबद्दल न विचारता सांगतो.

४. इंजिन आणि ईसीयू. सुरुवातीच्या झेनला कार्ब्युरेटर होता, तिथे जेट बदलून पेट्रोलचं प्रमाण ठरवायचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे काम ईसीयू हा छोटा कॉम्प्युटर करतो. त्याच्या आत एक्सेल शीटसारखे तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा लोड, आणि प्रत्येक चौकटीत पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची याचे आकडे. रिमॅप म्हणजे हे आकडे बदलणं.

टर्बो गाडीत हवेचा दाब वाढवता येतो, म्हणून रिमॅपचा फरक मोठा दिसतो. बिनटर्बोच्या छोट्या इंजिनात तो थोडाच असतो. त्यामुळे साध्या ८०० सीसी गाडीचा "नुसत्या रिमॅपने पिकअप डबल" असा दावा ऐकला तर हसून सोडून द्या. ठिणगी फार लवकर टाकली तर पेट्रोल वेळेआधी पेटतं आणि इंजिन ठोकतं. असं ठोकणं चालू राहिलं तर पिस्टन खराब होतो.

५. वायरिंग. सगळ्यात कमी बघितली जाणारी आणि सगळ्यात धोक्याची जागा. मूळ हेडलाइटचा हाय बीम ६० वॅटचा असताना १०० वॅटचा बल्ब लावला, तर करंट १.६७ पट होतो आणि वायर २.८ पट तापते. वेगळी रिले, योग्य जाडीची वायर आणि फ्यूज असेल तर ठीक. टेपने गुंडाळलेले जोड दिसले तर गाडी कितीही चमकत असो, काम कच्चं आहे.

६. पेंट आणि बॉडी. दरवाजा आणि बॉनेटच्या फटी सगळीकडे सारख्या आहेत का? चाकावरची कमान आतून गंजली आहे का? वरून पेंट आणि खाली पुट्टी असेल तर चुंबक सांगतो: पत्र्याला चिकटतो, जाड पुट्टीवर पकड सुटते. पण मालकाला विचारल्याशिवाय पेंटवर चुंबक लावायचा नाही!

आपल्या भागाची परीक्षा: खारी हवा

सातपाटी, केळवे, शिरगाव, चिंचणी, डहाणू. आपली गाडी कायम समुद्राच्या जवळ. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं, ओलावा धरून ठेवतं आणि गंज वाढतो. त्यावर पावसाळ्याचे चार महिने. म्हणून पंचवीस-तीस वर्षांची झेन किंवा ८०० इथे खालून साबूत असेल, तर कौतुकाचा पहिला मान तिलाच द्या. खाली वाकून फ्लोअर, जॅक लावायच्या जागा आणि शॉकअप बसतो तो वरचा भाग बघा. तिथली स्वच्छता ही कुठल्याही अलॉयपेक्षा जास्त मेहनतीची असते.

दुसरी गोष्ट इथल्या हातांची. तारापूर एमआयडीसीत केमिकल आणि कापडाबरोबर स्टेनलेस स्टीलचंही काम चालतं. त्यामुळे आर्गन वेल्डिंग म्हणजे काय, हे या भागात समजावून सांगावं लागत नाही. सायलेन्सरचा पाइप हाताने बनवून घेतलेला असेल तर जोड बघा. एकसारखी, बारीक, फिकट सोनेरी ते निळसर रेघ म्हणजे उष्णता नीट सांभाळली. काळपट, खरखरीत जोड म्हणजे धातू जास्त तापला. पाइपच्या आतूनही आर्गन सोडला नसेल तर आतली बाजू जळून खडबडीत होते. हे बाहेरून दिसत नाही, पण चांगला वेल्डर ते आवर्जून करतो. आणि ३०४ ग्रेडचं स्टेनलेससुद्धा खाऱ्या हवेत ठिपके धरतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते जास्त टिकतं. हे मालकाला माहीत असेल तर गप्पा रंगणारच.

मालकाशी बोलताना

- फोटो काढण्याआधी विचारा. टाकताना नंबर प्लेट झाका.
- गाडीला हात लावू नका, दार उघडू नका, टेकून उभे राहू नका.
- "रेस मारून दाखव ना" म्हणू नका. थंड इंजिनाला ते वाईट, शेजाऱ्यांना त्याहून वाईट.
- "किती लागले?" ऐवजी "हेच का निवडलंस?" विचारा. पहिल्याचं उत्तर एक आकडा असतो, दुसऱ्याचं उत्तर अर्धा तास चालतं.
- कोणी केलं तेही विचारा. पेंटर, वेल्डर, मेकॅनिक यांचं नाव घेतलं जाणं हा त्यांचा हक्क आहे.
- धोकादायक काही दिसलं तर चारचौघांत नको, बाजूला घेऊन सांगा. पण सांगाच.

आता कायदा: आपल्याकडे 'काई' नाही

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतली माहिती जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी कलम १८२अ(४) लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

परवानगीची वाट काही बदलांनाच आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी किट बसवून आरसीवर नोंद करता येते. रंग बदलायचा तर आरटीओची मंजुरी घेऊन तशी नोंद करावी लागते. दिव्यांग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत केलेले बदलही नोंदवून कायदेशीर करता येतात. हाताने चालणारा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर लावलेली गाडी ही खरं तर सगळ्यात अर्थपूर्ण मॉडिफाइड गाडी. तिचं कौतुक मात्र आपण क्वचितच करतो.

आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) आहे. पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. काचांसाठी नियम असा की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

फरक लक्षात घ्या. जपान म्हणतं, बदल करा, मोजून घ्या, नोंद करा. आपल्याकडे बहुतेक बदलांना नोंदीची वाटच नाही. परिणाम असा की नीट केलेलं काम आणि कापलेली स्प्रिंग, दोन्ही कागदावर सारखीच बेकायदा ठरू शकतात. काम चांगलं की वाईट, हे सांगणारा अधिकृत शिक्का नसल्यामुळे जाणकार डोळ्यांची किंमत इथे जास्त आहे. मित्राच्या गाडीची सैल वायर किंवा सुटू पाहणारी स्प्रिंग कदाचित तुमच्याच नजरेला पडेल, आणि त्यानंतर ती गाडी मनोरजवळ हायवेवर ट्रेलरच्या मागे धावणार असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कमी धोक्याचे बदल कोणते? कंपनीनेच त्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेल्या मापाची चाकं, चांगल्या प्रतीचे टायर आणि ब्रेक पॅड, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम. वायर न कापता बसणारी वस्तू निवडा.

इन्शुरन्सचं काय? बदल कंपनीला लेखी कळवा. लपवलेल्या बदलावरून अपघातानंतर क्लेम अडकू शकतो.

१५ वर्षं झालेली गाडी ठेवता येते का? आपल्याकडे फिटनेस तपासणीत पास झाली तर खासगी कारच्या नोंदणीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. जुन्या गाडीवर पेंटआधी ब्रेक, स्टिअरिंग आणि गंज यांवर खर्च करा, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील असे रबरी होज बसवून घ्या.

वेगाची हौस कुठे भागवायची? अधिकृत ट्रॅकवर किंवा परवानगी घेतलेल्या स्पर्धेत. चिल्हार-बोईसर रस्ता एमआयडीसीच्या ट्रकचा आणि शिफ्ट सुटलेल्या कामगारांचा आहे.

मला गाड्यांतलं काही कळत नाही, मी काय बघू? टायर, वायरिंग आणि गाडीची खालची बाजू. आणि मालकाला विचारा, "हिच्यात अजून काय करायचं राहिलंय?" ज्याने मनापासून काम केलंय, त्याच्याकडे याची यादी तयार असते.